अ‍ॅशच्या झाडातली जाळी

माझी बायको एफी गेली हे मला कळलं तेव्हा मी एका मेंढीचे खूर कापत होतो. यंदाच्या फेब्रुवारीची सोळा तारीख, सकाळचे अकरा. मेंढी बुडावर बसवून माझ्या गुडघ्यांत धरलेली होती आणि खिशातला फोन वाजायला लागला. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून वाजू दिला. चौथा खूर संपवला, मेंढी सोडली, चाकू विजारीला पुसला आणि मग फोन लावला. तिकडून नर्सनं विचारलं, मिस्टर टेलफर, तुम्ही बसलेले आहात का. मी म्हणालो, उभा आहे. ती म्हणाली, बसा. अंगणात पाण्याची दगडी डोणी आहे, तिच्या कडेवर बसलो.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. आदल्या दिवशी इस्पितळात नेलं तेव्हा ती बोलत होती. मलाच म्हणाली, तू घरी जा, मेंढ्यांना कोण बघणार. म्हणून मी आलो होतो.

दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत चहा होता. खालच्या गावातली एक बाई कप घेऊन माझ्याजवळ आली. तिनं आवाज खाली आणून विचारलं की एफीचं ते बायकांचं ऑपरेशन झालं होतं ना, त्यातूनच काही झालं का. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, हल्ली ऑपरेशनात आत बसवतात त्या जाळ्यांबद्दल इतकं ऐकू येतं. मी म्हणालो, एफीच्या पोटात जाळी नव्हती. तिनं मान हलवली, पण बायको गेलेल्या माणसापुढे हलवतात तशी. तिला ते पटलं नव्हतं.

एफीला अर्धवट ऐकलेल्या गोष्टींचा फार राग यायचा. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून लिहितो आहे.

दहा वर्षांमागचा एप्रिल. आमचं घर खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, त्याच्यावर फक्त डोंगर. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि तीन दिवस पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होतं. आम्ही दोघंच. मुलगी जीन लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेलेली, तिकडेही मेंढ्यांतच.

सकाळी दुर्बिणीतून बघताना वरच्या दगडी गडग्याच्या आडोशाला एक मेंढी कुंथताना दिसली. व्यायला अजून आठवडा असेल, पण तिचं अंग बाहेर आलं होतं, लाल, मोसंबीपेक्षा मोठं. मी पुढे गेलो आणि एफीला सामान घेऊन यायला सांगितलं. ती मागून आली, हळूहळू, पाय जरा फाकवून. दोनतीन वर्षांपासून ती अशीच मागे पडायची. मी तिला चिडवायचो, की तुझ्या आधी गोगलगाय पोचेल. त्या दिवशीही तेच म्हणालो.

मेंढीचं डोकं उताराकडे केलं, मागचा भाग वर. कोमट पाण्यानं धुतलं, वर मूठभर साखर चोळली. साखरेनं सूज उतरते. एफीनं डोकं धरलं होतं. मेंढी कुंथायची थांबली की तळहातानं थोडं थोडं आत लोटायचं, पुन्हा कुंथली की नुसतं धरून ठेवायचं. घाई केली की फाटतं. आत गेल्यावर प्लॅस्टिकचा चमचा बसवला. तो पसरट असतो, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या लोकरीला बांधायच्या, म्हणजे अंग पुन्हा बाहेर येत नाही आणि कोकरू व्हायचं तेव्हा बाजूनं होतं. आयुष्यात शेकड्यांनी केलं असेल मी हे.

एफीजवळ रंगाचा डबा होता, फवारायचा. मी म्हणालो, हिला लाल लाव.

मानेवर लाल पट्टा म्हणजे कोकरं दुधावरून तुटली की ही मेंढी शरदातल्या बाजारात जाणार, आमच्या डोंगरावर राहणार नाही. सगळ्या खोऱ्यात हीच रीत आहे. आणि मी माझे वडील म्हणायचे ते म्हणालो. "एकदा अंग बाहेर आलं की ती मेंढी डोंगराच्या उपयोगाची नाही."

एफी डबा धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "किती वर्षं म्हणतोयस तू हे?"

"बाबा म्हणायचे."

"तीस वर्षं ऐकतेय मी."

मग तिनं डबा हलवला, आतली गोळी खडखडली, आणि तिनं स्वतःच्या कोटावर खांद्यापासून कोपरापर्यंत लाल पट्टा ओढला.

"घे," ती म्हणाली. "मलाही धाड बाजारात."

मी हसलो. जे केलं ते लिहायलाच हवं. मला वाटलं, दमलीय, थट्टा करतेय. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं थांबलं.

मी विचारलं, केव्हापासून. ती म्हणाली, जीन झाली तेव्हापासून थोडं थोडं, आणि गेली सहा वर्षं पुरतं. जीन नऊ पौंडांची होती. ती झाल्यावर बाराव्या दिवशी एफी माझ्याबरोबर गवताचे भारे उचलत होती. मीच बोलावलं होतं.

"मग तू करतेस काय?" मी विचारलं.

"तू करतोस तेच. उताराकडे डोकं करून पडते आणि हातानं आत लोटते. तुझंच बघून शिकले." मग म्हणाली, "साखर नाही वापरली."

आमच्या मधली मेंढी उठली, अंग झटकलं आणि चरायला लागली. थोड्या वेळानं एफीनंच तिला गाठून मानेवर लाल पट्टा लावला. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, मेंढीची गोष्ट वेगळी, तिला डॉक्टर नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मला एकेक गोष्ट कळत गेली. ती नेहमी काळे स्कर्ट का घालायची. चर्चमध्ये गायची ते का सोडलं: वरचा सूर लावायला पोट आवळलं की लघवी सुटायची. ट्रॅक्टरच्या सीटवर ती पोतं घालून बसायची ते थंडीसाठी नव्हतं. बाजाराच्या वाटेवरचं आडोशाचं प्रत्येक झुडूप तिला पाठ होतं. कापडं धुवायला लाज वाटायची म्हणून मी बाहेर गेलो की चुलीत जाळायची. गावच्या जत्रेतल्या नाचाला गेली चार वर्षं ती डोकं दुखतंय म्हणायची. मला वाटायचं, हिला माझा कंटाळा आलाय. मीही विचारलं नव्हतं.

मेंढ्यांची वीण उरकल्यावर ती डॉक्टरांकडे गेली आणि तिथून शहरातल्या सर्जनच्या नावानं चिठ्ठी मिळाली. तारीख जुलैतली.

त्याआधी एका रविवारी तिची धाकटी बहीण इसा आली. इसाचं शहरात केस कापायचं दुकान होतं. तिचंही लघवीचंच दुखणं, आणि चार वर्षांपूर्वी तिच्या आत टेप घातलेली होती. टेप म्हणजे जाळीचीच पट्टी. तेव्हापासून मांडीत आणि जांघेत आगीसारखं दुखायचं. उभं राहवत नाही म्हणून दुकान विकलं. आता एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात उशी घेऊन फिरायची. जिथे जाईल तिथे उशी टाकून तिच्यावर एका बाजूला कलून बसायची. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की टेप जागच्या जागी आहे, दुखणं मनाचं असेल.

जीभ मात्र तिची पहिल्यासारखीच. दारातून आत येतानाच मला म्हणाली, "वॉट टेलफर, मेंढीचं मागचं बघण्यात चाळीस वर्षं घालवलीस, बायकोचं एकदा बघितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मी तिच्यासाठी खुर्ची चुलीजवळ ओढली.

एफीनं तिला विचारलं, घालू का मी जाळी. इसा बशीतल्या स्कोनचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली, पोस्टातल्या बेसीलाही तीच टेप घातलीय आणि ती नातवंडांबरोबर उड्या मारते, हेही खरं आहे. "घालू नको, असं मी सांगणार नाही. मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि कुणी काही सांगितलं नव्हतं, एवढंच सांगते. सही कर म्हणाले, मी केली."

सर्जन होते मिस्टर हॅल्डेन. वय चाळिशीच्या आतलं, हात स्वच्छ. माझे हात आयोडीननं पिवळे झालेले होते, ते मी मांडीखाली घेऊन बसलो. त्यांनी कागदावर चित्र काढलं. आतली पुढची भिंत सैल होऊन खाली आलीय आणि तिच्याबरोबर लघवीची पिशवी. एका जाळीनं ती वर उचलायची आणि गळण्यासाठी खाली टेप घालायची. तासाभरात होईल, दुसऱ्या दिवशी घरी. त्यांचं बोलणं सौजन्याचं होतं. वाईट माणूस नव्हता तो.

एफी काही विचारायच्या आत मीच विचारलं, म्हणजे गवत कापणीच्या आत होऊन जाईल का.

एफीनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून माझ्या लक्षात आहे.

हॅल्डेननी संमतीचा कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. एफीनं पेन त्यांना परत दिलं आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. म्हणाली, वाचून आणते. ते म्हणाले, ही तारीख मग दुसऱ्या कुणाला जाईल. ती म्हणाली, जाऊ दे.

गाडीत मी धुसफुसलो. घरी आल्यावरही. माझा हर्निया झाला होता तेव्हा मलाही जाळी बसवली होती, त्याला नऊ वर्षं झालेली. मी म्हणालो, "माझ्या जांघेत जाळी आहे. काय झालं मला?"

माझं हर्नियाचं ऑपरेशन सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. बाजारात लोक थांबवून विचारायचे. शेजारच्या शेतावरचा रॉब ऑलिव्हर मला खुर्ची देताना रुमालानं झटकून द्यायचा, म्हणायचा, बाळंतीण आली. इसानं केक पाठवला होता. एफीनं सहा वर्षं लपवलेलं दुखणं आणि माझं दुखणं एकमेकांपासून वीतभर अंतरावर होतं, पण माझ्याला केक आला.

एफी म्हणाली, "तुझी जाळी पोटाच्या भिंतीत आहे. तिथून काही येत नाही की जात नाही. माझ्या इथून मूल आलंय आणि नवराही येतो-जातो. एकच जाळी म्हणून एकच गोष्ट होते का?"

नऊ दिवस तो कागद टेबलावर होता. मिठाच्या बरणीखाली. ती भाकरीचं पीठ मळताना वाचायची, मेंढ्या कातरून आल्यावर वाचायची. नवव्या दिवशी दुपारी तिनं खुंटीवरची पक्कड घेतली आणि मला म्हणाली, चल.

खालच्या फाटकाशी अ‍ॅशचं झाड आहे. आमचं लग्न झालं त्या वर्षी मी कुंपण घालत होतो तेव्हा ते माझ्या मनगटाएवढं होतं. एक खांब वाचवायला मी मेंढ्यांची तारेची जाळी त्या झाडालाच खिळ्यांनी ठोकली. वडील म्हणाले होते, जित्या झाडाला जाळी ठोकू नको. मी ठोकली. आता झाड माझ्या कमरेएवढं जाड झालं होतं आणि जाळी त्याच्या आत गेली होती. एका बाजूनं तारा सालीत शिरत होत्या, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडत होत्या. मधलं काही दिसत नव्हतं. झाडानं ओठ मिटावेत तशी साल तिच्यावर मिटली होती.

एफीनं पक्कड माझ्या हातात दिली. "काढ."

मी एक तार धरून ओढली. पाय झाडाला लावून ओढली. थोडी आली, साल फाटली, आतलं ओलं पांढरं लाकूड दिसलं, आणि कट्‌ करून तार तुटली. दुसरी ओढली, तीही तुटली.

"उरलेली?" तिनं विचारलं.

"ती आता झाडाची झाली," मी म्हणालो. "काढायची तर झाडच फोडायला लागेल."

"झाडाला दुखत असेल का?"

"मला काय माहीत?"

"इसाला माहीत आहे," एफी म्हणाली आणि घराकडे चालायला लागली. मी पक्कड घेऊन तिथेच उभा राहिलो. गवत कापायला आलं होतं. त्याच्यावरून वारा जात होता. मला पहिल्यांदा भीती वाटली, तिच्यासाठी.

पुन्हा तारीख मिळाली ऑगस्टमध्ये. या वेळी मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेलो. एफीनं हॅल्डेनना विचारलं की पुढे त्रास झाला तर ही जाळी काढता येते का. त्यांनी शंभरातल्या किती बायकांना त्रास होतो ते सांगायला सुरुवात केली. एफीनं हात वर केला आणि झाडाची गोष्ट सांगितली. पक्कड, तुटलेली तार, बहिणीचं दुखणं, सगळं. शेवटी म्हणाली, "आकडा मला कळला. त्या आकड्यात मी आले तर काय, ते विचारतेय."

हॅल्डेननी पेन खाली ठेवलं. खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, रागावले.

"काढायचा प्रयत्न करता येतो," ते म्हणाले. "सगळी निघेल असं मी सांगू शकत नाही."

"तुम्ही काढली आहे कधी?"

"एकदा. अर्धी निघाली." मग ते म्हणाले, "मिसेस टेलफर, हे मी तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगायला हवं होतं."

त्यानंतर ते वेगळेच बोलायला लागले, जसं दोन माणसं एखाद्या जनावराबद्दल बोलतात तसं. जाळी न घालताही करता येतं म्हणाले. स्वतःच्याच मांसाच्या पदरांना टाके घालून सैल झालेलं आवळून घ्यायचं. जुनी पद्धत आहे. त्यातही धोके आहेत: रक्त जातं, जंतू लागतात, लघवी काही दिवस अडते. आणि दहातल्या तिघींचं पुन्हा खाली येतं. गळण्यासाठी आधी व्यायाम करून बघायचा, मन लावून, दोन-तीन महिने. तोवर आत रबरी कडं बसवायचं म्हणजे अंग वर राहील.

एफीनं विचारलं, पुन्हा खाली आलं तर पुन्हा शिवता येईल का. ते म्हणाले, बहुतेक येईल.

"मग ते चालेल," ती म्हणाली. "फाटलं की शिवायचं मला कळतं."

निघताना हॅल्डेन आमच्याबरोबर दारापर्यंत आले. त्यांनी एफीला इसाचं नाव विचारून घेतलं आणि म्हणाले, त्यांना माझ्याकडे पाठवा, दुखणं मनाचं आहे असं मी म्हणणार नाही.

कडं बसलं. एफी म्हणाली, वळूच्या नाकात बघितलं होतं, आता कळलं. त्या कड्यानं तिचं चालणं आठवड्याभरात बदललं. व्यायाम शिकवायला इस्पितळात एक मुलगी होती. तिनं सांगितलं, आतून आवळून धरायचं, दहा मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून कितीदा तरी. एफीला कामाच्या गडबडीत आठवायचं नाही. मग तिनं आपली युक्ती काढली. आमच्या रानात चौदा फाटकं आहेत. प्रत्येक फाटकाशी थांबायचं आणि दहा वेळा करायचं, मगच फाटक लावायचं. मी पलीकडे उभा राहायचो, कुत्री टिब बसून राहायची, मेंढ्या पांगायच्या. एकदा रॉबनं लांबून बघून विचारलं, ही फाटकाफाटकाशी प्रार्थना करते की काय. एफी म्हणाली, तसंच समज, आणि तूही कर, म्हातारपणी उपयोगी पडेल.

गवत त्या वर्षी उशिरा कापलं. अर्धं भिजलं. मेंढ्यांनी खाल्लं.

ऑक्टोबरमध्ये, एडक्यांची विक्री झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ऑपरेशन झालं. तीन तास मी इस्पितळाच्या गाडीतळावर फेऱ्या घातल्या. आत बसवत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर एफीनं पहिलं विचारलं ते, सांगितलं तेवढंच केलं ना. हॅल्डेननी स्वतः येऊन सांगितलं, टाके आहेत, दुसरं काही नाही. लघवी दोन दिवस अडली, नळी ठेवावी लागली. पाचव्या दिवशी घरी आणली. खड्ड्याखड्ड्यातून मी बैलगाडीच्या वेगानं आलो, मागे गाड्यांची रांग.

इस्पितळातून एक कागद मिळाला होता. त्यात लिहिलं होतं, सहा आठवडे अर्ध्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, तीन महिने कष्टाचं काम नाही. एफीनं तो वाचला, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढ्या बघून आलो तर ही कोळशाच्या बादलीला हात घालत होती. सवयीनं. तीस वर्षं रोज उचललेली बादली, हाताला कोण सांगणार.

मी गोठ्यात गेलो, लाल रंगाचा डबा आणला आणि बादलीवर पट्टा ओढला. मग लोखंडी पातेल्यावर. पाण्याच्या दोन्ही बादल्यांवर, खाद्याच्या पोत्यांवर, शिडीवर, ओल्या कपड्यांच्या टोपलीवर. गवताच्या कोठीचं फाटक उचलून लावावं लागतं, त्याच्यावर. टिबला रानातल्या क्वाडवर, त्या चारचाकी मोटरसायकलवर, चढवायला एफी उचलून घ्यायची, म्हणून टिबच्या खांद्यावर. टिब आठवडाभर रागावून होती.

एफी खिडकीतून बघत होती. टाके दुखतात म्हणून हसू दाबत होती.

दोन दिवसांनी रॉब दूध घेऊन आला. अंगणात उभा राहून त्यानं सगळीकडे बघितलं. "काय रे वॉट," तो म्हणाला, "अख्खं घर बाजारात काढलंस काय?"

खिडकी उघडीच होती. आतून एफी म्हणाली, "मी सोडून सगळं."

रॉबला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. मी गोठ्यात गेलो आणि थोडा वेळ तिथेच थांबलो.

तीन महिने सगळं मी केलं. ओट्सची लापशी करपवली, बार्लीचं सूप इतकं घट्ट व्हायचं की चमचा उभा राहायचा. एफी म्हणायची, हे माझ्या नियमात बसत नाही, अर्ध्या किटलीपेक्षा जड आहे. तिचे कपडे धुऊन दोरीवर वाळत घालताना रस्त्यावरच्या गाड्या हळू व्हायच्या. पहिल्या आठवड्यात मी ते चादरीच्या आडून वाळत टाकायचो, पुढे उघड्यावरच टाकायला लागलो.

पुढच्या एप्रिलला ती माझ्याबरोबर वरच्या गडग्यापर्यंत आली. माझ्या मागे नाही, बरोबर. तिथे उभी राहून म्हणाली, आता मी पुढे जाते, तू गोगलगायीबरोबर ये. वडिलांचं ते वाक्य मी नंतर कधी बोललो नाही. मेंढ्यांना लाल पट्टा लावतो अजून, पण गुपचूप. चर्चमध्येही ती परत गायला लागली. सगळं पार बरं झालं असं नाही. मोठी शिंक आली की मरेपर्यंत ती आधी गुडघे जुळवायची. पण अंग पुन्हा खाली आलं नाही. त्या दहातल्या सातांत ती निघाली. सव्वानऊ वर्षं मिळाली आम्हाला, आणि चांगली मिळाली. जत्रेत नाचलो. खोऱ्यातल्या बायका तिला फाटकाशी गाठून हळूच विचारायच्या, आणि ती नेहमीच्या आवाजात सांगायची. कुणाला घाल किंवा घालू नको असं सांगायची नाही. विचारा आणि कागद घरी आणा, इतकंच.

मधल्या काळात सरकारनंच त्या जाळ्या घालणं थांबवलं. इसाच्या दुखण्याला मनाचं म्हणायचं बंद झालं. तीन वर्षांपूर्वी तिची टेप काढली, म्हणजे मधली निघाली. हाडाजवळची दोन टोकं आत राहिली. दुखणं निम्म्यावर आलं. उरलेल्यासाठी दुसरीकडे पाठवायचं ठरलंय, तारीख पत्रानं कळवतो म्हणाले. एफीच तिला सगळीकडे नेत होती. फेब्रुवारीनंतर मी नेतो. इसा उशी टाकून बसते आणि म्हणते, एफी खड्डे चुकवायची, तू मोजतोस.

यंदा अ‍ॅशच्या झाडाला रोग लागला. खोऱ्यातली सगळीच अ‍ॅश वाळतायत. रस्त्यावर पडेल म्हणून तोडायला सांगितलं. सप्टेंबरात रॉब साखळीची यांत्रिक करवत घेऊन आला. मी त्याला जाळी दाखवली. त्यानं साल हातानं चाचपली, म्हणाला, इथे करवत घातली तर साखळी तुटून तोंडावर येईल, आपण जाळीच्या वर कापू. कापलं. इसा गाडीत बसून बघत होती. झाड पडल्यावर काच खाली करून म्हणाली, "माझंही असंच केलं. वरचं वरचं."

कोळशाच्या बादलीवरचा लाल पट्टा अजून पुसलेला नाही. रोज सकाळी मी ती उचलतो. आता सांगायला कुणी नाही, तरी किटली अर्धीच भरतो. एकट्याला तेवढी पुरते.

लाकडं फोडून झाली, कोठीत रचली. फाटकाशी छातीएवढा उंच बुंधा उभा आहे, आत जाळी. तो काढायचा राहिलाय. इसाचं पत्रही अजून आलेलं नाही.